मागच्या आसनाची किंमत

'डबलसीट' हा शब्द मराठी माणसाने इंग्रजीतून घेतला खरा, परंतु त्याला दिलेला अर्थ पूर्णतया त्याचा स्वतःचा आहे. एका वाहनावर दोघांनी बसणे एवढाच तो अर्थ नव्हे. एकाच्या खर्चात दोघांचा प्रवास उरकण्याचा हिशेबही त्यात आहे. पुण्यात सायकलींचे राज्य होते तेव्हा मित्राला कॅरिअरवर घ्यावे आणि चौकात पोलीस दिसताच त्याने उडी मारावी, हा नित्याचा प्रसंग होता. पुढे सायकलीची जागा स्कूटरने घेतली आणि मागच्या स्वाराला हक्काचे आसन मिळाले. मात्र त्या आसनाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

१९४६ मध्ये इटलीतील पियाज्जिओ कंपनीसाठी व्हेस्पा स्कूटरची रचना करणारा कोराडिनो द'आस्कानिओ हा मूळचा विमानांचा अभियंता. पाय ठेवण्यास सपाट जागा, झाकलेले इंजिन आणि तेलाच्या डागांपासून कपड्यांना संरक्षण ही त्या रचनेची वैशिष्ट्ये धोतर-साडीच्या देशाला सोयीची ठरली. पियाज्जिओशी असलेला सहकार्याचा करार १९७१ मध्ये संपल्यावर बजाज कंपनीने १९७२ मध्ये 'चेतक' बाजारात आणली. परवाना पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा होती आणि नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तरीही कारकून आणि शिक्षक रांगेत उभे राहिले, कारण एवढा पैसा एकट्याच्या चैनीसाठी खर्चणे त्यांना परवडणारे नव्हते. मागे पत्नी बसणार होती, म्हणूनच ती खरेदी संसाराच्या अंदाजपत्रकात बसली. थोडक्यात, स्कूटर खपली ती मागच्या आसनामुळे.

कायद्याने या आसनाची दखल घेतली नाही असे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ नुसार चालकाला आपल्यामागे एकच व्यक्ती बसविता येते. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १२३ वा नियम तर मागे बसणाऱ्यासाठी धरावयाची मूठ, पाय टेकण्याची सोय आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून किमान निम्मे चाक झाकणारे आवरण सक्तीचे करतो. यालाच लोक 'साडीगार्ड' म्हणतात. कलम १२९ अन्वये हेल्मेटही दोघांना बंधनकारक आहे. कायद्याने पदराचा विचार केला आणि डोक्याचाही केला. समाजाने मात्र पदरापुरताच कायदा पाळला.

याचे परिणाम सरकारी आकडेवारीतच दिसतात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीस्वारांचे प्रमाण सुमारे ४४.५ टक्के होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. वेग किती ठेवावा, सिग्नल पाळावा की नाही, यांपैकी एकही निर्णय ज्यांच्या हाती नव्हता, अशी ही माणसे होती. निर्णय एकाचा आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची, ही अर्थशास्त्राला परिचित असलेली विकृती येथे एकाच वाहनावर, हातभर अंतरावर घडते.

विम्याच्या बाबतीतही हीच उपेक्षा आढळते. केवळ कायद्यापुरती घेतलेली 'थर्ड पार्टी' पॉलिसी मागे विनामूल्य बसलेल्या व्यक्तीची जोखीम उचलत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. सर्वसमावेशक पॉलिसीत हे संरक्षण मिळते. परंतु हप्त्यात बचत करू पाहणाऱ्या किती वाहनधारकांना हा फरक ठाऊक असतो?

दोघांच्या वाहनावर चौघे बसतात तो निव्वळ बेफिकीरपणा, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. भर पावसात स्कूटरवरून जाणारे कुटुंब पाहून स्वस्त मोटारीची कल्पना सुचल्याचे रतन टाटा यांनी सांगितले होते. त्यातून साकारलेली 'नॅनो' जानेवारी २००८ मध्ये लोकांसमोर आली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ते कुटुंब मात्र अजूनही दुचाकीवरच आहे. वेळेवर येणारी बस नाही, रिक्षा परवडत नाही, अशा स्थितीत 'ट्रिपलसीट' हा हौसेचा नव्हे, तर नाइलाजाचा प्रवास ठरतो. त्यावर केवळ दंडाची पावती हा उपाय होऊ शकत नाही.

म्हणून उपाय दुहेरी हवेत. प्रत्येक दुचाकीबरोबर दोन हेल्मेट देण्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये प्रसिद्ध केला, त्याची दिशा योग्य आहे. त्याच न्यायाने मागच्या स्वाराची जोखीमही अनिवार्य विम्यात समाविष्ट झाली पाहिजे. हप्ता थोडा वाढेल. पण आज तोच खर्च एखादे कुटुंब कर्ता माणूस किंवा घरची लक्ष्मी गमावून भरते. दुसरीकडे, नगरपालिकांनी बससेवेला तोट्याचे खाते मानणे सोडले पाहिजे, कारण त्या खात्यात वाचविलेला पैसा इस्पितळाच्या खात्यात खर्ची पडतो.

दोन माणसांसाठी वाहन बनविले, दोन माणसांसाठी विकले, तर सुरक्षिततेचा हिशेबही दोघांचाच मांडला पाहिजे. मागचे आसन फुकट मिळते, हा समज आता तरी सोडावयास हवा.