आवाज कुणाचा?

आमच्या सोसायटीच्या गेल्या वर्षीच्या दिवाळी पहाटेचा जमाखर्च माझ्यापुढे पडला आहे. गायिका, तबलजी आणि पेटीवाले या तिघांचे मिळून मानधन रुपये बारा हजार. ध्वनिक्षेपकाचे भाडे रुपये अठरा हजार. म्हणजे ज्यांनी सूर लावला त्यांच्यापेक्षा ज्याने तो फाडला त्याला दीडपट बिदागी! खजिनदार या नात्याने त्या पावतीवर सही माझीच आहे, तेव्हा या पापात मीही वाटेकरी आहे हे आधीच कबूल करतो. परंतु कबुली दिलेल्या माणसाला इतरांना चार शब्द सुनावण्याचा हक्क मिळतो, आणि तो मी या मुहूर्तावर बजावणार आहे.

मुलुंड पूर्वेची आमची सोसायटी ती काय आणि तिचे पटांगण ते काय! मोटारी बाहेर काढल्या तर सव्वाशे खुर्च्या मावतात. शेवटच्या खुर्चीपासून गाणारा जेमतेम पंधरा पावलांवर. एवढ्याशा जागेत ठेकेदाराने माणसाच्या उंचीची खोकी रचून दोन्ही बाजूंना बुरूज उभे केले. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर लक्ष्मीपूजनाच्या आधीच लक्ष्मी आल्याचे तेज दिसू लागले. "यंदा कार्यक्रम मोठा होणार हं!" ते म्हणाले.

सहाच्या ठोक्याला एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने भटियार मांडायला सुरुवात केली. पहिला षड्ज लागतो न लागतो तोच बुरुजांनी किंकाळी फोडली. डग्ग्यावर थाप पडली की वरच्या मजल्यावर कुणी कपाट लोटत असल्याचा भास होई. बंदिशीचे शब्द तर पाण्यात पडलेल्या शाईसारखे पसरून गेले. ते सावरण्यासाठी खोक्यांमागच्या पोराने 'इको' वाढवला, आणि मग एकेक तान तीनतीनदा ऐकण्याचे भाग्य आम्हांला लाभले. पहिल्या रांगा उठून मागे गेल्या, मागच्या रांगा उठून फराळाला घरी गेल्या. पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा हृदयविकाराने अंथरुणावर होते. त्यांच्या घरून तक्रार गेली, ती अगदी रास्त होती. सव्वासातला हवालदार आला. "काका, आता आटपा," एवढेच म्हणाला. भैरवी राहिली. ती मुलगी तंबोऱ्याला गवसणी घालताना रडत होती, आणि आमचे अध्यक्ष तिला सांगत होते, "आवाज मात्र गेटपर्यंत गेला हो!"

गेला होता, परंतु तो तिचा नव्हता.

मी माईकचा वैरी नाही. गिरगावच्या चाळींत माईकशिवाय बैठकी रंगत, हे खरे. बोलणाऱ्या कुटुंबांच्या तोंडून आपण ते किती वेळा ऐकले आहे! पण त्या चाळीशेजारून रिक्षा जात नव्हत्या आणि शेजारच्या विंगेत पंप चालू होत नव्हता. आज घाटकोपरला किंवा अंधेरीला सोसायटीच्या अंगणात बसून गायचे तर थोडा आधार लागतोच. राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली आजच्या ध्वनिक्षेपकाचा मूळ नमुना जगापुढे ठेवला, तो गाणाऱ्याला आधार द्यायला. काठी आधारासाठी असते. ती गाणाऱ्याच्याच डोक्यात घालणे हा आमचा शोध.

या साऱ्याच्या मुळाशी आहे वॉटांची भूक. ठेकेदार 'दोन हजार वॉट' म्हणतो आणि कमिटीच्या तोंडाला पाणी सुटते. मंडळी, जरा हिशेब पाहा. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो ३ डेसिबलने, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. आवाज दुप्पट झालासा वाटायला वॉट सुमारे दहापट लागतात. साध्या बऱ्या स्पीकरला एकच वॉट दिला तर एका मीटरवर नव्वदच्या आसपास डेसिबल मिळतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात; या चालीने आमच्या शेवटच्या खुर्चीपाशी सत्तरेक उरतात. दोन माणसे समोरासमोर बोलतात तो आवाज साठाच्या घरात असतो. म्हणजे आमची गरज एका वॉटाची, आणि आम्ही भाड्याने आणले दोन हजार! तबल्याची थाप अचानक उसळते, तिच्यासाठी शंभरदोनशे वॉट राखीव असावेत, हे मान्य. त्यापुढचे सगळे अध्यक्षांसाठी.

आणि कायदा? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. आपल्या पहाटा सहानंतर का उजाडतात, ते आता ध्यानात येईल. खाजगी जागेच्या हद्दीवर लाऊडस्पीकरचा आवाज या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा अधिक जाऊ नये, असेही त्यात आहे. नियम काटेकोर पाळायचा तर तो एक वॉटसुद्धा जपूनच वापरावा लागेल.

यंदा माझ्या हट्टावरून भाड्याऐवजी विकत घेण्याचा ठराव झाला आणि पंचाहत्तर हजार मंजूर झाले. दादरला गाडी बदलून मी लॅमिंग्टन रोड गाठला. तिथे पहिल्या दुकानात चाकांवरचा एक स्पीकर दाखवला. आत निळे-तांबडे दिवे लुकलुकत होते, आणि पाठीवर 'पीएमपीओ' म्हणून असा आकडा छापला होता, की त्यावर एखादी लोकल धावावी! पीएमपीओ म्हणजे क्षणाच्याही क्षुल्लक भागात, कागदावर, काय होऊ शकेल त्याची बढाई. लग्नाच्या बाजारातला 'मुलगा महिना लाखात खेळतो' म्हणतात, तसलेच हे. विचारायचा तो 'आरएमएस' आकडा, सतत चालणारा. तो विचारला की विक्रेता चहा मागवतो.

दहा इंची दोन स्पीकर घेतले, ज्यांच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो असे. सहा चॅनेलांचा साधा मिक्सर घेतला. उरलेले पैसे मात्र मी चार तारेच्या माईकांवर, भक्कम स्टँडांवर आणि चांगल्या केबलींवर घातले, आणि त्यावरूनच कमिटीत वादळ उठले. "पैसे सगळे काठ्या-दोऱ्यांवर?" असे मला विचारण्यात आले. होय, काठ्या-दोऱ्यांवरच! दोन विती दूर असलेला माईक तोंडापासून एका वितीवर आणला तर सुमारे ६ डेसिबल वाढतात, म्हणजे चौपट वॉट फुकटात पदरात पडतात. त्यासाठी हवा तो माईक हव्या त्या जागी धरून ठेवणारा स्टँड. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे उभे केले, डोक्यांच्या वर उचलले आणि माईक त्यांच्या मागे राहिला, तर शिट्टी मारण्याचे त्याला कारणच उरत नाही. स्वस्त केबल मात्र ऐन समेवर जाते, हा माझा अनुभव.

आषाढीला खालच्या पार्किंगमध्ये अभंगांचा कार्यक्रम याच संचावर केला. सोसायटीतलाच कॉलेजात जाणारा एक मुलगा मिक्सरवर बसवला. त्याला एकच ताकीद होती: दर दहा मिनिटांनी उठून शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसायचे आणि ऐकायचे. मध्येच तो माझ्या कानाशी आला. "काका, पेटी तबल्याला खातेय, जरा कमी करू?" अठरा हजारांच्या भाड्यात हे वाक्य आम्हांला मिळाले नव्हते. शब्द शेवटपर्यंत कळले. आजोबांकडून तक्रार आली नाही. उलट त्यांच्या सूनबाईंनी खाली येऊन विचारले, की पुढचा कार्यक्रम केव्हा आहे.

वाटेल, की संपले भांडण. छे! गेल्या सभेत अध्यक्षांनी सुचवले, आषाढीला ठीक होते, परंतु दिवाळी ती दिवाळी. एक दिवस ते मोठे खोके आणावेत, नाहीतर बाजूच्या सोसायटीपुढे आपले दिसणार काय? पाच मते त्यांच्या बाजूने, चार माझ्या. अंतिम निर्णय पुढच्या रविवारी. त्याच मुलीला यंदा मी पुन्हा बोलावले आहे. तिने फोनवर मानधनाचा आकडा विचारला नाही, "काका, साउंड कोणाचा?" एवढेच विचारले. मी तिला "आपलाच" असे सांगून बसलो आहे, आणि ते मला खरे करायचे आहे.

तेव्हा रविवारी मी उभा राहून सांगणार आहे, की वाचलेले अठरा हजार त्या तिघांच्या मानधनात घाला. आणि अध्यक्षांना दिसण्यासाठी निळे-तांबडे दिवेच हवे असतील, तर गच्चीवरून तीन मजली आकाशकंदील सोडू. त्याचा खर्च मी देतो.