आपला तो बाब्या, चीनचं ते कार्टं

२०१६. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर मुंबईचा पैलवान नरसिंग यादव डोपिंगमध्ये सापडला. खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं तो म्हणाला आणि आपण लगेच माना डोलावल्या. आपल्या 'नाडा'नेही सोडलं. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाला मात्र कटाचं म्हणणं पटलं नाही; ४ वर्षांची बंदी.

२०२४ मध्ये बातमी फुटली : २३ चिनी जलतरणपटू २०२१ मध्येच पॉझिटिव्ह आले होते. कारण? हॉटेलच्या स्वयंपाकघरातून औषध जेवणात गेलं. यावर आपण खो खो हसलो.

दोन्ही खुलासे खरे असतील, खोटेही असतील. पण पुरावा न वाचता, नुसता झेंडा बघून निकाल देणाऱ्यांनी स्वतःला क्रीडाप्रेमी म्हणवू नये. त्यांच्या टाळ्यांची किंमत औषधाशिवाय खेळून चौथा आलेला आपलाच पोरगा मोजतो.