दवाखान्याबाहेरचा डॉक्टर

“डॉक्टर असून कंपनीत? प्रॅक्टिस चालली नाही का?” आपल्या घरांतला हा प्रश्न मला पटत नाही. तीही डॉक्टरकीच आहे. अमेरिकेतले कॅन्सरतज्ज्ञ डॉ. डेव्हिड चँग आधी ॲम्जेनमध्ये होते, मग काइट कंपनीचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, कॅन्सर ओळखतील अशा घडवायच्या आणि परत शरीरात सोडायच्या, असे काइटचे येस्कार्टा. 2017 मध्ये मंजुरी मिळाली. तेव्हाची किंमत 3,73,000 डॉलर! शिवाय प्रत्येकासाठी वेगळे बनवायचे, त्यात आठवडे जातात. काही रुग्णांकडे तेवढे आठवडे नसतात. ही अडचण ओपीडीत बसून सुटणारी नव्हती. 2018 मध्ये चँग यांनी सहकाऱ्यासोबत ॲलोजीन काढली: निरोगी दात्याच्या पेशी, औषध आधीच तयार. परक्या पेशी शरीर नाकारते, ही नवी डोकेदुखी. चाचण्या अजून सुरू आहेत.