शेवटचे छत्र कोणासाठी?

रोग बरा होण्यापलीकडे गेला की गरीब माणसाला इस्पितळाचा दरवाजा बंद होतो आणि घराचा अपुरा पडतो. कुंभकोणमच्या परिसरात भाताची लावणी करणाऱ्या शेतमजूर स्त्रीला कर्करोग झाला, तर तंजावरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. दूर चेन्नईत १९५४ साली सुरू झालेली अड्यारची कर्करोग संस्था आहे. पण उपचार थकल्यावर काय? अशा गावी दुर्धर रोग्यांसाठी शुश्रूषागृह, म्हणजेच हॉस्पिस, उभारायचे तर त्याचा नकाशा कोणासाठी काढायचा, हा केवळ वास्तुशिल्पकारांचा प्रश्न नव्हे.

या भूमीला अशा कार्याची परंपरा नाही असे मुळीच नाही. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे चालविली. १८०१ साली दुसऱ्या सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांचा कारभार सांगितला आहे: वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना वैद्य व औषध, मृत्यू आल्यास जातिरिवाजाप्रमाणे अंत्यविधी. जातीची उतरंड तेथेही सुटली नव्हती आणि राजाची कृपा म्हणजे जनतेचा हक्क नव्हे, हे खरे. तरीही निराधार आजाऱ्याला छपराखाली घेणे हे राज्याचे काम आहे, एवढे तत्त्व त्यात मान्य होते. लोकशाही राज्याला त्याहून कमी करून कसे चालेल?

कुंभकोणमचा दुसरा धडा दारुण आहे. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका शाळेत गवती छपराने पेट घेतला आणि ९४ मुले होरपळून मेली. जिना अरुंद होता. धावू शकणाऱ्या मुलांची ही गत, तर अंथरुणाला खिळलेल्यांचे काय होईल? म्हणून करुणेलाही बांधकामात माप असते. सर्व खोल्या तळमजल्यावर हव्यात. खाट सरळ बाहेर काढता येईल एवढे रुंद दरवाजे आणि बाहेर पडण्याच्या किमान दोन वाटा हव्यात. चूल रोग्यांच्या दालनापासून दूर हवी.

मग बाकीचे. खिडकीचा कठडा इतका खाली असावा की पडल्या पडल्या झाड दिसावे. दिवा डोळ्यांवर येऊ नये, कारण रोग्याचे जग म्हणजे छतच असते. मधोमध चौक आणि समोर तिण्णै, म्हणजे आपल्याकडची ओसरी, असावी. मजुरी बुडवून आलेल्या नातेवाइकांना तेथे निजता यावे, स्वतःचे अन्न शिजविता यावे. ज्यांना रडायचे आहे त्यांना दालनाबाहेर एक कोपरा असावा. नकाशा पक्का होण्यापूर्वी परिचारिकांना, आयांना आणि ज्यांनी घरी असे आजारपण काढले आहे त्या मजूर कुटुंबांना विचारले पाहिजे. संगमरवरी प्रवेशद्वार आणि देणगीदारांच्या नावांची पाटी यांची निकड त्यांच्यापैकी कोणी सांगेल असे वाटत नाही.

लंडनमध्ये सिसली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झाले. ही कार्ये थोर आहेत, परंतु दानावर सर्वांचा भार टाकता येत नाही. केरळने २००८ साली या शुश्रूषेचे सरकारी धोरण आखले आणि स्थानिक स्वराज्य संस्था व शेजारीपाजारी यांना कामाला जुंपले. दिशा हीच आहे.

आणि एक गोष्ट विसरता कामा नये. मध्य प्रदेश व राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते, पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या जाचाने तिच्यापासून बनणारे मॉर्फिन रोग्यांना दुर्मिळ झाले. २०१४ साली कायदा शिथिल करावा लागला. वेदनाशामक औषध नसेल तर उत्तम चौक आणि ओसरी हा निव्वळ देखावा ठरेल.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे: सरकारी खर्च, विनामूल्य प्रवेश, पुरेशा परिचारिका, औषधाची हमी आणि श्रमिकांच्या गरजेने आखलेला नकाशा. ज्यांनी आयुष्यभर इतरांसाठी धान्य पिकविले, त्यांना शेवटचे चार दिवस वेदनेवाचून आणि मानाने घालविता यावेत, ही भीक नव्हे. ते समाजावरचे ऋण आहे.