उत्तर न जुळणारें गणित

सूर्य आपणांस प्रकाश व उष्णता देतो हें लहान मूलही जाणतें. परंतु तो आणखी एक वस्तु अहोरात्र आपल्याकडे पाठवीत असतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. न्यूट्रिनो नांवाचे अतिसूक्ष्म कण सूर्याच्या गर्भांत निर्माण होऊन सुमारें आठ मिनिटांत पृथ्वीवर येतात. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेंतून दर सेकंदास असे सुमारें ६,५०० कोटी कण आरपार जातात. रात्रींही जातात, कारण सबंध पृथ्वी वाटेंत आली तरी त्यांस ती जवळजवळ अडवीत नाहीं. या कणांची मोजदाद करतांना जें घडलें, तें शास्त्राच्या विद्यार्थ्यांनींच नव्हे तर प्रत्येक विचारी गृहस्थानें व गृहिणीनें मनन करावें असें आहे.

हा कण प्रथम अनुमानानें सिद्ध झाला. कांहीं किरणोत्सर्गी अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतांना ऊर्जेचा जमाखर्च जुळेना, तेव्हां १९३० सालीं पौली यांनीं तर्क केला कीं, कोणी अदृश्य भागीदार उरलेली ऊर्जा घेऊन जात असला पाहिजे. फर्मी यांनीं रूढ केलेल्या न्यूट्रिनो या इटालियन नांवाचा अर्थ ‘चिमुकला उदासीन’. संस्कृतांत पुत्र शब्दास क प्रत्यय लागून पुत्रक होतो, तशांतलाच हा प्रकार. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर धूर दिसला होता, अग्नि दिसावयाचा होता. तें प्रत्यक्ष प्रमाण राइन्स व कोवन यांनीं १९५६ सालीं अणुभट्टीजवळ मिळविलें.

पुढें अमेरिकेंतील रेमंड डेव्हिस यांनीं सूर्याचे न्यूट्रिनो मोजण्याचें मनावर घेतलें. साउथ डाकोटांतील होमस्टेक या सोन्याच्या खाणींत, ४,८५० फूट खोल, त्यांनीं क्लोरीनयुक्त द्रवाची सुमारें ६०० टनांची टाकी बसविली. इतकें खोल जाण्याचें कारण, आकाशांतून येणारे इतर कण वरच्या खडकांत अडून राहावेत. क्वचित् एखाद्या न्यूट्रिनोमुळें क्लोरीनच्या अणूचा आर्गॉन होतो. ते आर्गॉनचे अणु त्या टाकींतून वेचून काढावयाचे. तीस वर्षांत मिळून सुमारें २,००० अणु हातीं लागले!

किती न्यूट्रिनो यावेत याचें गणित जॉन बाकॉल यांनीं केलें होतें. १९६८ पासून डेव्हिस यांचे आंकडे येऊं लागले आणि ते त्या गणिताच्या सुमारें एक तृतीयांशच भरले. कोणी म्हणाले, डेव्हिस यांची मोजणी चुकली. कोणी म्हणाले, बाकॉल यांस सूर्य कळला नाहीं.

शाळेंत गणित शिकवितांना मुलांची एक खोड आम्हीं नेहमीं पाहिली. पुस्तकाच्या शेवटीं छापलेल्या उत्तराशीं आपलें उत्तर जुळलें नाहीं कीं, मधली एखादी पायरी वांकवून तें जुळवून टाकावयाचें. हा मोह विद्वानांसही होतो. या दोघांनीं तो आवरला. डेव्हिस यांनीं टाकींत आर्गॉनचे मोजके अणु मुद्दाम घालून ते परत निघतात कीं नाहीं हें पाहिलें. बाकॉल यांनीं आपलें गणित पुनःपुन्हा तपासलें. दोघे अखेरपर्यंत परस्परांचे स्नेही राहिले, आणि विसंगति त्यांनीं झांकली नाहीं.

तिचा उलगडा कॅनडांत झाला. सडबरीजवळच्या निकेलच्या खाणींत, सुमारें ६,८०० फूट खोल, पारदर्शक गोलांत १,००० टन जड पाणी भरण्यांत आलें. तेंही उसनें आणलेलें. क्वीन्स विद्यापीठाचे आर्थर मॅक्डोनल्ड या कार्याचे प्रमुख होते. न्यूट्रिनोचीं रूपें तीन. डेव्हिस यांची टाकी त्यांतील एकच ओळखी, जड पाणी तिन्ही ओळखी. २००१ व २००२ सालीं निकाल लागला: एकंदर संख्या गणिताबरहुकूम, परंतु सूर्यांत एकाच रूपानें जन्मलेले कण वाटेंत रूप पालटतात! वातावरणांत जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंविषयीं जपानांत काजिता प्रभृतींनीं असेंच १९९८ सालीं दाखविलें होतें. रूप पालटावयाचें तर कणास वस्तुमान असलेंच पाहिजे; पूर्वीं तें शून्य मानीत. म्हणजे डेव्हिस खरे, बाकॉलही खरे. अपुरी होती ती न्यूट्रिनोविषयींची सर्वांची समजूत. डेव्हिस यांस २००२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तेव्हां त्यांचें वय ८८ वर्षांचें होतें.

या शोधांत आपला देशही मागें नव्हता. वातावरणांतील न्यूट्रिनो जगांत प्रथम टिपले गेले ते १९६५ सालीं, कोलारच्या व दक्षिण आफ्रिकेंतील एका सोन्याच्या खाणींत. कोलारचें काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें ओसाका व डरहॅम येथील संशोधकांसह केलें.

आज असेंच दुसरें गणित अडून बसलें आहे. १९३३ सालीं झ्विकी यांनीं, व पुढें १९७० नंतर व्हेरा रुबिन यांनीं दाखविलें कीं, दीर्घिका ज्या वेगानें फिरतात तो वेग दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनास पेलणारा नाहीं. विश्वांतील द्रव्यापैकीं सुमारें पांच षष्ठांश द्रव्य अदृश्य असावें असा हिशेब निघतो. त्यास कृष्णद्रव्य म्हणतात. न्यूट्रिनो फार हलके व चपळ असल्यानें ही तूट त्यांनीं भरून निघत नाहीं. सडबरीच्या त्याच खाणींत आतां द्रवरूप आर्गॉन घेऊन संशोधक या द्रव्याच्या कणाची वाट पाहत आहेत. तो अद्याप निश्चितपणें सांपडलेला नाहीं.

घरोघरीं दोन प्रामाणिक माणसांचें म्हणणें जुळलें नाहीं म्हणजे त्यांपैकीं एकास खोटें ठरविण्याची आपणांस घाई होते. दोघांनींही आपापला हिशेब पुन्हा तपासावा, आणि तरीही मेळ बसला नाहीं तर स्नेह न सोडतां थांबावें, एवढें जरी या कथेंतून आपण घेतलें तरी पुष्कळ झालें.