मे चाचीचा हात

२००४ सालचा ‘स्पायडर-मॅन २’ मुलांबरोबर पुन्हा पाहिला. मारामारी मला आता फारशी आठवत नाही, लक्षात राहिले ते वीस डॉलर. पीटरचा वाढदिवस असतो. मे चाचीच्या घरावर बँकेचं कर्ज थकलेलं, तरी ती त्याच्या हातात वीस डॉलर कोंबते. तो नको म्हणतो, तर बिचारी चिडते, रडू आवरत नाही तिला. पीटर आपल्या खोलीवर पोचतो तर दारात घरमालक! थकलेल्या भाड्यात तीच नोट जाते. शहर वाचवणाऱ्या वीराची ही हालत.

दिग्दर्शक सॅम रैमी मूळचा भयपटवाला. १९८१चा ‘द इव्हिल डेड’ त्याने मित्रांना घेऊन तुटपुंज्या पैशांत काढला. भारी यंत्रं परवडत नव्हती, म्हणून फळीवर कॅमेरा बसवून दोघं जण दोन टोकं धरून जंगलातून पळत सुटायचे. पडद्यावर वाटायचं, कुणी अदृश्य अंगावर धावून येतंय. हातात पैसा आल्यावरही ती खोड गेली नाही. ऑक्टोपसच्या लोखंडी हातांना दवाखान्यात जाग येते तो प्रसंग पाहा: भिंतीवर सावल्या, डॉक्टरांच्या किंकाळ्या, फरशीवर ओरखडणारी नखं. रक्त जवळजवळ नाहीच, आणि अंगावर काटा येतो.

हाच माणूस चाची आणि पीटरला जेवणाच्या टेबलाशी बसवतो तेव्हा मात्र कॅमेरा गप्प होतो. बेन चाचांच्या मौतीला आपणही जबाबदार आहोत, त्या चोराला आपणच जाऊ दिलं होतं, हे पीटर कबूल करतो. चाची काही बोलत नाही. त्याच्या हातातला आपला हात तेवढा काढून घेते, उठते आणि जिना चढून जाते. रोझमेरी हॅरिस या अभिनेत्रीने हे इतकं साधं केलंय की माझी आठवीतली लेक रिमोट बाजूला ठेवून विचारती झाली, “अम्मी, आता ती याच्याशी बोलणारच नाही का?” मी म्हटलं, बघ पुढे. चाची पुढे बोलते, पण रैमी तिला वेळ देतो. माफी लगेच देऊन टाकत नाही. आजकालच्या सुपरहिरोपटांत अशा वेळी कुणीतरी विनोद करून मोकळं होतं, ते मला खटकतं.

आगगाडीचा प्रसंग तर सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी थांबवून बेशुद्ध पडलेल्या पीटरला प्रवासी डोक्यावरून हातोहात आत नेतात. मुखवटा नाही. हा तर पोरगाच आहे, असं कुणीतरी म्हणतं, आणि दोन लहान मुलं त्याचा मुखवटा परत आणून देतात.

घरात सात-आठ वर्षांचं लेकरू असेल तर दवाखान्याचा तो भाग पुढे सरकवा. बाकीचा सगळ्यांनी मिळून पाहा.