मजुराच्या कानाची किंमत

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात आज रस्ते, पूल आणि लोहमार्ग यांची कामे चालू आहेत. वडसा-गडचिरोली हा ५२ किलोमीटरचा लोहमार्ग त्यांपैकीच एक. मागासलेल्या भागात रस्ता यावा, गाडी यावी ही मागणी आपणच वर्षानुवर्षे केली. तेव्हा या कामांना विरोध करण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच, की या विकासाची किंमत कोण मोजतो? त्या किमतीतील एक रक्कम कोणत्याच हिशेबवहीत सापडत नाही. ती म्हणजे मजुराचे कान.

खडक फोडणारा ब्रेकर चालविणाऱ्याच्या कानाशी आवाज शंभर डेसिबलच्या घरात असतो. गिट्टीच्या क्रशरजवळही तो नव्वदच्या वर जातो. डेसिबलचे गणित फसवे आहे. तीन अंक वाढले की ध्वनीची शक्ती दुप्पट होते. या माऱ्याने अंतःकर्णातील सूक्ष्म केसपेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. हे ज्ञान नवे नव्हे. इटालियन वैद्य रामाझिनी यांनी तांबटांच्या बहिरेपणाची नोंद अठराव्या शतकाच्या आरंभीच करून ठेवली आहे.

हा बहिरेपणा चोरपावलांनी येतो. प्रथम उंच पट्टीचे, बारीक ध्वनी हरवतात. बोलणे कानी पडते, पण शब्द उमगत नाही. घरची माणसे म्हणतात, याचे लक्षच नसते. वाळल्या पाचोळ्याची सळसळही याच बारीक ध्वनींत मोडते. आणि येथला मजूर काम नसेल तेव्हा मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला रानातच जातो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करणाऱ्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा मुलखात शाबूत कान ही जिवाची राखण आहे.

कायदा नव्हता असे नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला; त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली आहे. आवाजाने आलेला श्रवणदोष भरपाईच्या कायद्यातही व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला आहे. पण मेख पुढेच आहे. तो रोग कामामुळे झाला असे गृहीत धरले जाण्यासाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी व्हावी लागते. पावसाळ्यात काम थांबते, हंगामागणिक ठेकेदार बदलतो. आमच्या मजुराचे सहा महिने भरायचे कधी? हक्क कागदावर आहे, त्याच्यापर्यंत जाणारी वाट मात्र बंद आहे.

यामागचे अर्थकारण सरळ आहे. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. मग सायलेन्सर लावलेला कॉम्प्रेसर, यंत्राभोवती आवाज अडविणारा आडोसा, पाळीपाळीने काम, हे सारे खर्च ठेकेदार वाचवितो. वाचलेला खर्च नाहीसा होत नाही. तो बहिरेपणाच्या रूपाने मजुराच्या झोपडीत पोचतो. कानात घालायचे बोळे वाटून ही जबाबदारी संपत नाही. बोळे हा शेवटचा उपाय; पहिला उपाय आवाज जिथे निर्माण होतो तिथेच तो रोखण्याचा.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. सार्वजनिक कामांचा पैसा शासन देते. तेव्हा प्रत्येक अंदाजपत्रकात ध्वनिनियंत्रण ही स्वतंत्र बाब असावी आणि तिच्यावर निविदेत घासाघीस नसावी. कामावर घेताना आणि त्यानंतर दरवर्षी श्रवणमापन व्हावे व त्याची प्रत मजुराच्या हाती द्यावी. भरपाईसाठी सर्व ठेकेदारांकडील सेवा एकत्र धरावी आणि बांधकाम खर्चावरील उपकराच्या निधीतून ती मिळावी.

तोवर कार्यकर्त्यांनी हातावर हात धरून बसू नये. कामाच्या जागी जावे. हातभर अंतरावरच्या सोबत्याशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तिथला आवाज घातक आहे असे समजावे. ही परीक्षा करायला यंत्र लागत नाही, अधिकाऱ्याची परवानगीही लागत नाही. ठिकाण, दिवस आणि ठेकेदाराचे नाव वहीत लिहावे, मजुरांच्या सह्या-अंगठे घ्यावेत आणि तो कागद ग्रामसभेत व कामगार अधिकाऱ्यापुढे ठेवावा. मजुराचे ऐकणे वाचवायचे असेल, तर आधी त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे.